फ्रिजच्या खोक्यातली लिफ्ट

लिफ्टचं बटण दाबून मी चौथ्या मजल्यावर उभा होतो. लिफ्ट येईना. पुन्हा दाबलं. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त वकीलसाहेब बाहेर आले, आदाब वगैरे झालं, तेही शेजारी उभे राहिले. मी तिसऱ्यांदा, जरा जोर लावून दाबलं. वकीलसाहेबांनी घसा साफ केला.

"गुस्ताख़ी माफ़ हो भाई साहब, मगर ये बटन काग़ज़ का है।"

कागदाचंच होतं. आमच्या मुलीनं आदल्या संध्याकाळी ते खऱ्या बटणाच्या खाली, म्हाताऱ्या माणसाचा हात सहज पोचेल अशा उंचीवर चिकटवलं होतं, आणि सेलोटेप दातानं तोडून तिला मीच देत होतो. वकीलसाहेबांना ते आल्याआल्या दिसलं असणार. पण लखनौचा माणूस. दुसऱ्याची चूक दाखवायच्या आधी थोडा वेळ तिच्याबरोबर उभा राहतो.

खरं सांगायचं तर लिफ्ट आली नाही याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. कितीतरी आठवड्यांनी मी हिय्या करून त्या दारासमोर गेलो होतो. "चलिए, शुगर के लिए सीढ़ियाँ ही अच्छी," असं म्हणून जिना उतरू लागलो. मला शुगर नाही. मला भीती आहे.

आम्ही लखनौच्या इंदिरा नगरात राहतो. मी बँकेत, बायको शाळेत शिकवते. वडील गेल्यावर आईला वर्ध्याहून इकडे आणलं. वाटलं होतं, इथं तिचं मन लागणार नाही. पण रोज संध्याकाळी लिफ्टनं खाली जाऊन ती बाकावरच्या बायकांत बसायला लागली, आणि वर्ध्याकडच्या हिंदीत त्यांना कैरीचं लोणचं शिकवायला लागली. खालच्या निम्म्या बायकांची नावं मला तिच्यामुळे कळली.

मे महिन्यात एका संध्याकाळी लाइट गेली. आई नुकतीच खाली गेली होती. बाकावर असेल, असं धरून मी खुशाल घरात वारा घेत बसलो. जनरेटर सुरू होईना. अंधारायला लागलं तरी आई वर आली नाही म्हणून बाल्कनीतून हाक मारली. बाकावरून उत्तर आलं, "अम्मा तो आज आईं ही नहीं!"

ते चार मजले मी कसे उतरलो ते आठवत नाही. गार्ड मागच्या बाजूला जनरेटरशी झटत होता, त्याला ओढत आणलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. किल्लीनं दार उघडून टॉर्च मारला. आई कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या. कुठंतरी पोचल्यावर काढतात तशा.

"आलास?" एवढंच म्हणाली.

त्या चपला मला अजून दिसतात.

दुसऱ्या दिवसापासून आईचे गुडघे दुखायला लागले. खाली जाणं बंद. जिना तिला जमणारा नाही, आणि लिफ्टचं नाव काढलं की गुडघे आणखी दुखायचे. बाकावरच्या बायका वर येऊन गेल्या, लोणचं नासलं म्हणून तक्रार करून गेल्या, तरी नाही. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "मला वर्ध्याला पोचवून दे."

"तिथं कोण आहे आता? घराला कुलूप आहे."

"जमीन तर आहे पायाखाली."

आई त्या कुलूपबंद घरात एकटी, आणि लाइट गेलेली, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. इकडे बँकेत पंखा थांबला तरी माझं हातातलं काम थांबायचं. कोण कुठं असेल, लिफ्टमध्ये कोणी नसेल ना, बायको शाळेतून निघाली असेल का. फोन करायचो. ती म्हणायची, "अहो, मी वर्गात आहे. वर्ग जमिनीवर आहे. ठेवा."

सुट्टीत मुलगी आली. ती डिझाइन शिकते. म्हणजे नेमकं काय शिकते, हे मी नातेवाइकांना चार वेगवेगळ्या प्रकारे सांगितलंय. आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. घरात कोणाला त्याचं काही वाटत नाही.

"बाबा, आप सब आजी को लेक्चर दे रहे हो. किसी ने पूछा, अंदर हुआ क्या था?"

"विचारलं ना. काही नाही म्हणाली."

"तो पूछने से नहीं निकलेगा. लिफ्ट बनाते हैं."

तिनं फ्रिजच्या दुकानातून रिकामा खोका मागून आणला. चार मजले तो मी डोक्यावर वाहिला, अर्थात जिन्यानं. दिवाणखान्यात खोका उभा केला, दार कापलं, आत स्टूल ठेवलं, कागदाची बटणं चिकटवली. हा प्रोटोटाइप, म्हणजे खऱ्या वस्तूचा स्वस्तातला कच्चा नमुना. चुकला तर फाडून टाकायचा. आत बसणारा माणूस तो यूझर. त्याला काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही, नुसतं बघायचं. आमच्या घरात नुसतं बघणं कोणाला येत नाही, हे तिच्या कॉलेजला माहीत नसावं.

माझी खात्री होती की आईला त्या दिवशी घंटीचं बटण सापडलं नव्हतं. म्हणून मी बशीएवढं लाल बटण बनवलं, त्यावर मोठ्या अक्षरात 'मदत' लिहिलं, आणि मागे दारावरच्या बिनतारी बेलचं खरं बटण बसवलं. बायको आत बसली, टेकली, तर पाठीनंच बेल वाजली. वकीलसाहेबांनी आतून विचारलं, "इजाज़त हो तो दबा दूँ?" आई आत गेली, बटण दाबलं आणि म्हणाली, "झालं? कुकर लावायचाय."

"पास!" मी टाळी वाजवली.

"क्या पास? कोई डरा ही नहीं," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं अमीनाबादेच्या बाजारातून काळं अस्तराचं कापड आणलं. भर दुपारी पडदे ओढले, पंखा बंद केला, आणि आजीला विचारलं, "करोगी? मना कर सकती हो." नातीला नाही म्हणणं आईला जमत नाही. ती आत बसली. आम्ही खोक्यावर कापड टाकलं.

"बाबा, मुँह बंद. हाथ पीछे."

आतून काही आवाज नाही. बेल नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसणं थांबवून उभी. मला आतला श्वास ऐकू येतोय का नाही तेही कळेना. घाम मानेवरून पाठीत उतरला. खोका आहे, मी स्वतःला सांगत होतो, पुठ्ठ्याचा खोका आहे, एका लाथेत पडेल. पण आत माझी आई होती आणि ती काहीच करत नव्हती. मी पुढं सरकलो. मुलीनं मनगट धरलं. तिचाही हात ओला होता.

शेवटी मी ते कापड ओढून काढलंच.

आई स्टुलावर ताठ बसली होती. बोट बटणावर होतं, पण दाबलेलं नव्हतं.

"काहून नाही दाबलंस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"त्या दिवशी दाबलं होतं ना," आई म्हणाली. "पुष्कळ दाबलं. वाजलं का नाही, कोणाला ऐकू गेलं का नाही, आत काय कळतं? उत्तर तर येत नाही. मग वाटलं, सगळे गेले. मीच राहिली."

घंटी त्या दिवशी वाजलीच होती. गार्डच्या रिकाम्या खोलीत. माझं बशीएवढं बटण मी हळूच सोफ्याखाली सरकवलं.

मुलीनं मात्र खोक्याला एक भोक पाडलं, कपडे वाळत घालायची दोरी आणली, एक टोक आजीच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि कापड पुन्हा टाकलं. थोड्या वेळानं दोरी हलली. मुलीनं इकडून ओढली. दोरी दोनदा हलली. तिनं दोनदा ओढली. मग आतून आईचं हसू ऐकू आलं, मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

दोरीवरून पुढचं ठरलं. सोसायटीनं 'ट्रायल' म्हणून परवानगी दिली. लिफ्टच्या मेकॅनिकला केबलमध्ये दोन तारा रिकाम्या सापडल्या. आतलं बटण दाबलं की गार्डच्या खोलीत आणि चौथ्या मजल्यावर घंटी वाजणार. जो ऐकेल त्यानं तिथलं बटण दाबायचं (चौथ्या मजल्यावर त्याची जागा ठरवायलाच ते कागदाचं बटण चिकटवलं होतं), की आत एक हिरवा दिवा लागणार. सगळं बॅटरीवर. आता खऱ्या लिफ्टमध्ये, खऱ्या अंधारात तपासायचं होतं. आत कोणी बसायचं?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला शुगर—" मी म्हणालो.

"शुगरला लिफ्ट चालते," बायको म्हणाली.

मुलीनं जागा नेमून दिल्या. गार्ड त्याच्या खोलीत. उत्तर फक्त त्यानं द्यायचं. आई चौथ्या मजल्यावर खुर्चीत, लिफ्टपासून लांब, मुलगी आणि बायको तिच्याजवळ. "आजी, आपको कुछ नहीं करना. बस देखना है. बाबा को ठीक से डरने देना." मेकॅनिक वर मशीनपाशी. मी चौथ्यावरून आत शिरलो, तिसरा मजला गेला आणि काळोख झाला.

लिफ्ट एक झटका देऊन थांबली. सगळं ठरवलेलं होतं, मेकॅनिक वर होता, हे मला माहीत होतं. माहीत असण्याचा काही उपयोग झाला नाही. भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. हात लावून बघितलं तर खरंच जवळ होत्या. बटण चाचपडलं, दाबलं. दिवा नाही. पुन्हा दाबलं. नाही. बाहेर कुठं काही वाजलं का, ऐकायला गेलो तर कानात माझीच धडधड. हवा संपतेय असं वाटलं. मग सगळे गेले असं वाटलं, अगदी तिच्याच शब्दांत. तळपायांना जमीन लागत होती आणि तरी खाली काहीच नाही असं वाटत होतं, म्हणून मी खाली बसलो. बसलो, आणि पाहिलं तर मी चपला काढून ठेवत होतो.

मग दिवा लागला. हरभऱ्याएवढा, हिरवा. मी वेड्यासारखं पुन्हा बटण दाबलं. तो पुन्हा लुकलुकला. दाबलं, लुकलुकला. बहुधा मी त्याच्याशी काहीतरी बोललोही.

लाइट आली तशी लिफ्ट खाली गेली. मी बाहेर येऊन गार्डच्या खुर्चीत बसलो. खुर्ची रिकामीच होती. गार्ड गेटवरून पळत आला, "साहब, पानी का टैंकर आ गया था, खोलना पड़ा. घंटी बजी क्या?"

मग दिवा कोणी लावला, हे विचारायच्या आत लिफ्ट वर गेली, परत आली, दार उघडलं, आणि आतून आई बाहेर आली. तिच्या मागे बायको आणि मुलगी. आईच्या एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्यात माझ्या बायकोची. तिनं माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप नाही," ती म्हणाली. मग आजूबाजूला पाहिलं, आपण कुठं उभ्या आहोत ते तिच्या लक्षात आलं, आणि ती थोडा वेळ लिफ्टकडे बघत राहिली. बाकावरून कोणीतरी ओरडलं, "अरे अम्मा उतर आईं!" आई पदर सारखा करत तिकडे गेली.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी बायकोला जरा ऐटीत म्हणालो, "बघितलंस? शेवटी प्रोटोटाइप कामी आला. दिवा दिसला आणि मी एकदम शांत झालो. तोंडातून आवाज काढला नाही."

बायको पुण्याची आहे. ती ओटा पुसत होती, वळलीसुद्धा नाही.

"तुम्ही 'माय वो, माय वो' करून ओरडत होतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुमच्या तोंडून मी ते आज पहिल्यांदा ऐकलं. पोरगी म्हणत होती, 'आजी, रुकिए, टेस्ट है.' तर सासूबाई म्हणाल्या, 'टेस्ट तुझ्या घरी,' बटण दाबत राहिल्या आणि पायानंच चपला शोधायला लागल्या. आणि हो, उद्या ऑफिसला जाताना लिफ्टनं जा. त्या म्हणाल्यात, मी सोडायला येते खालपर्यंत."