इस्त्रीखालचं फडकं

माझ्या आत्याला गोड बोलता येत नसे. नवरी मुलींचे पोशाख शिवणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत ती वीस वर्षं ऑर्गंझा शिवत होती. त्या कापडासारखीच ती ताठ आहे, असं आई नाक मुरडून म्हणायची. आईला ऑर्गंझातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे मात्र खरं होतं.

ऑर्गंझा म्हणजे आरपार दिसणारं, पातळ तरी कडक कापड. फुगीर बाह्या, झालरी, नवरीची ओढणी हे सगळं त्याचंच. घेरदार पोशाख फुगलेला राहतो तोसुद्धा आत दडवलेल्या ऑर्गंझाच्या जोरावर, आणि वाहवा होते वरच्या कापडाची. चूक त्याला खपत नाही. टाका उसवला तरी सुईचं भोक तसंच राहतं. आत्या त्याच कापडातला एक धागा ओढून काढायची आणि त्यानेच शिवायची, म्हणजे टाका कुणाच्या बापाला दिसत नसे.

तिच्याकडे अस्सल रेशमी ऑर्गंझाचा हातभर तुकडा होता. नाजूक कपड्याला इस्त्री करताना ती तो मध्ये घालायची. रेशीम कडक इस्त्री सोसतं, आणि खालची चुणी सरळ आहे की नाही ते वरून दिसतं. दर सुटीला ती ते फडकं घरी आणून स्वतः धुवायची. आमच्या सगळ्यांच्या कपड्यांपेक्षा त्याचा मान मोठा.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा दुकानातले म्हातारे मास्तर काम सोडून निघाले. मालकीण आत्याला म्हणाली, "हा मोठा पोशाख नीट पार पाडा, की मास्तरांची जागा तुमची आणि वरची खोलीपण तुमची."

खोली! भावाच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात अंथरूण घालणाऱ्या बाईला स्वतःच्या दाराला कडी लावायला मिळणार होती. त्या महिन्यात मी तिला पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

आणि नेमकी तेव्हाच मला शाळेच्या समारंभासाठी बाह्यांना झालर हवी होती. दोरीवर वाळणारं आत्याचं फडकं मी उचललं. भेटवस्तूच्या खोक्याला गुंडाळून आलेला नायलॉनचा ऑर्गंझा तेवढाच कापून तिथे टांगला. दिसायला डिट्टो. मैत्रिणीकडे बसून, आत्याचं बघून बघून शिकले होते तसा, त्यातलाच धागा काढून मी झालर लावली. अक्कल नव्हती म्हणावं, तर मागून न घेता गुपचूप बदलण्याइतकी होतीच की.

पोशाख न्यायच्या दिवशी नवरीची आई दुकानात येऊन बसली होती. छातीवरच्या चुण्यांना शेवटची इस्त्री राहिली होती. आत्याने फडकं घातलं आणि कडक इस्त्री टेकवली. बोटांनी पारख केल्याशिवाय ती कुठल्याच कापडाला कात्री लावत नसे. पण वीस वर्षं हाताखालच्या फडक्याची पारख कोण करतं? नायलॉन वितळलं आणि चुण्यांना चिकटलं. ओढलं तर चुण्याही सोबत फाटून आल्या.

"डोळे गेले तुमचे, बाई," मालकीण सगळ्यांदेखत म्हणाली.

संध्याकाळी आत्याने तो जळका तुकडा आमच्यासमोर जमिनीवर ठेवला. कडेला कडक मणी धरले होते.

"रेशीम जळलं तर राख होते. हे वितळलंय. माझं फडकं कुणी बदललंय का? असेल तर आत्ताच सांगा. सकाळी मालकिणीसमोर येऊन कुणी खरं बोललं तर ती अजून ऐकेल."

"वन्स, तुमच्या चिंध्यांना कोण हात लावतंय?" आई म्हणाली. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

मास्तरांच्या जागी बाहेरचा माणूस आला. आत्याला बटणं लावायला बसवलं, पुढे तेही काम गेलं. वरच्या खोलीत मालकिणीने रिकामी खोकी भरली. आणि मी त्याच आठवड्यात ती झालर घालून समारंभात मिरवले. मला लाज वाटत होती आणि तरी मी मिरवले. तो फोटो आईने हौसेने चौकट करून भिंतीवर लावला, बरोबर आत्याच्या अंथरुणासमोर.

आठ वर्षं आत्या त्या कोपऱ्यात बसून आमचे कपडे रफू करत राहिली. माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "वन्स, पोशाख तुम्हीच शिवायचा हं."

आत्याने बाबांच्या शर्टातली सुई थांबवली आणि फोटोकडे मान वळवली.

"मी कशाला? खरं रेशीम हिला सोळाव्या वर्षीच ओळखता येत होतं. ती झालर बघा ना, वहिनी. एक टाका दिसत नाही."

"बघ गं," आई हरखून माझ्याकडे वळली, "आत्याने आयुष्यात पहिल्यांदा तुझं कौतुक केलं!"