अडचण सांगायचा जपानी धडा

लेकीने जपानला जायचं ठरवलं, तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर. त्यामुळे मिठबावच्या आमच्या घरात जपानी भाषा घुसली ती थेट स्वयंपाकघरापर्यंत. वर्ग मोबाइलवर आणि लेक बसायची माझ्यासमोर, म्हणून बांगडे साफ करता करता निम्मं जपानी माझ्याही कानात गेलं.

एक अख्खा धडा होता अडचण कशी सांगायची यावर. मला हसूच आलं. भावकीची कागाळी असेल तर आमच्याकडे माणूस पणज्याच्या वाटणीपासून सुरुवात करतो. स्वतःचं दुखणं मात्र कुणी विचारलं तरी उत्तर एकच, ‘बरा आसा.’ या दोन्हींच्या मध्ये धडा कुठे बसवणार?

जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, असं तिच्या बाई शिकवत. ‘चोत्तो’ म्हणायचं, म्हणजे ‘जरा’, आणि पुढचं वाक्य गिळून दातांतून श्वास आत ओढायचा. समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. हे मला फारच आवडलं. दुसऱ्याच दिवशी शेजारची वहिनी मिक्सर मागायला आली. तिच्याकडून परत येणाऱ्या भांड्याला आठवडाभर सुकटीचा वास येतो. मी म्हटलं, “जरा...” आणि श्वास ओढला.

“अगो, दाढ दुखता काय तुझी?” म्हणत ती धावत घरी गेली आणि लवंगेचं तेल घेऊन आली. कापसाचा बोळा माझ्या दाढेत कोंबला आणि मिक्सर काखोटीला मारून गेली. लेक हसून हसून लोळली.

पण खरं घोडं अडलं पुढच्या वाक्यावर. ‘कोमात्ते इमास’, म्हणजे मी अडचणीत आहे. हे वेळेवर म्हटलं नाही तर तिकडे कुणाला कळायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. मग सरावासाठी मी मॅनेजर झाले, हातात उलथनं.

“ताप इलो तुका, काय म्हणशीत?”

“दाइजोबु देस,” लेक म्हणाली. म्हणजे बरा आसा.

“पाय मोडलो?”

“दाइजोबु देस.”

कार्टी आमच्याच घरची. लहानपणी काजूच्या झाडावरून पडली तेव्हाही कोपर धरून म्हणाली होती, काय नाय झाला. मी उलथनं आपटलं. मुलाखतीत ती नापास होईल याची मला धास्ती नव्हती. पास होईल, जाईल आणि तिकडे एकटी कुढत बसेल, याची होती.

ती पास झाली आणि गेली. रोज फोन यायचा. कशी आसस? बरा आसा. जेवलंस? जेवलंय. एवढ्यावरून आईने काय ओळखायचं!

परवा बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं. एका आजोबांना उचलताना तिच्या कंबरेत उसण भरली होती. तशीच काम रेटत राहिली आणि एक दिवस अगदीच उभं राहवेना, तेव्हा मॅनेजरबाईंना जाऊन म्हणाली, कोमात्ते इमास. बाईंनी आधी खुर्ची दिली, मग डॉक्टरकडे नेलं, उचलायचं काम काढून घेतलं. संध्याकाळी स्वतः सूप घेऊन आल्या.

“आणि माका?” मी म्हटलं. “माका कित्या सांगूक नाय?”

“तुका सांगान काय गो? तू रडत बसतलंस.”

मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. तिकडे तिचं ऐकणारं माणूस आहे आणि पोरीला तोंड उघडता येतं. पण आयुष्यात पहिल्यांदा उघडलं ते परक्या भाषेत, परक्या बाईपुढे. ते मला लागलं. “कंबर शेक गो,” एवढंच मी म्हटलं.

“आये, तुझो आवाज असो कित्या येता?”

“काय नाय गो,” मी म्हटलं, “हंयसर रेंज नाय.”