मी त्यातली डॉक्टर नाही

केतकीला मटणाच्या सत्तुराने मारलं.

"देवाघरी गेली" असं कृपया कुणी खाली लिहू नका.

आज वर्ष झालं.

केतकी माझ्या भावाची मुलगी. बंगलोरला पोस्टडॉक करत होती. पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रोटीन असतं, ते बाहेरचा निरोप आत पोचवतं. निरोप थांबलाच नाही तर पेशी वाढत सुटते. कॅन्सर. त्या प्रोटीनचा नेमका आकार ती शोधत होती.

तीन वर्षं. एकच प्रोटीन.

भाऊ चिडवायचा, "अजून फोटो नाय आला? शहाड स्टेशनजवळ दहा मिनिटांत देतात!"

"बाबा, ते सारखं हलतं हो!"

पीएचडी झाली तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना दम दिला होता. नुसतं केतकी नाही, डॉक्टर म्हणायचं.

"आत्या, नको गं. लोक बीपी बघायला हात पुढे करतात."

"करू देत."

शहाडला आमच्या चुलतघरी हळद होती. केतकी बंगलोरहून आली होती. भर दुपारी डीजेच्या गाण्यावरून नीलेश आणि विकी, दोन भाऊबंद, भिडले. नीलेशने आचाऱ्याच्या पाटावरचा सत्तूर उचलला आणि विकीच्या मांडीत घातला.

रक्त मांडवाच्या कापडावर उडालं.

विकीची आई किंचाळली, "डॉक्टर कुठं हाय गो? डॉक्टर!"

सगळे केतकीकडे वळले. ती माझ्याकडे.

"आत्या, मी त्यातली डॉक्टर नाही गं."

मी म्हणाले, "लोक बघतायत. जा."

ती गेली. गुडघे टेकून दोन्ही तळवे जखमेवर दाबून धरले. "ओढणी द्या कुणीतरी! घट्ट बांधा!"

नीलेशचा दुसरा वार विकीसाठी होता. तो केतकीच्या मानेत बसला.

तिसरा वार करताना त्याला केतकी दिसत होती. तो तिच्याकडे बघत होता. मी चार हातांवर होते.

विकी वाचला. चालतो आता.

उद्या कल्याण कोर्टात माझी साक्ष आहे. नीलेशची आई रोज फोन करते. "ताई, पोर आपलाच हाय. चुकून लागला असा बोल."

चुकून एक लागतो. दोन लागत नाहीत. मी तेच सांगणार आहे.

त्याचा वकील विचारेल, ती मध्ये का पडली?

त्याचंही उत्तर देईन. पडली नाही. मी पाठवली.

हे भावाला अजून माहीत नव्हतं. दादा, कोर्टात ऐकण्याआधी इथे वाच.

केतकी, वयाने मोठी असून तुला वाकून नमस्कार करते.