खिळ्यावरची कपबशी

सत्तर सालानंतरची गोष्ट. आजूबाजूच्या वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्या मिळून एक चर्च झाल्या आणि आमची मेथॉडिस्ट मंडळी बाहेर राहिली. एकीची बोलणी इतकी वर्षं चालली होती की राहुरीजवळच्या आमच्या गावात ती झाल्यातच जमा होती. मग वरून कळलं, आपण त्या एकीत जायचं नाही. थोरांची कारणं असतील. मी ती खोटी म्हणत नाही. पण उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी शेजारच्या मंडळीबरोबर, त्यांच्या चर्चमध्ये, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायची आमची जुनी रीत होती. तिचं काय?

मंडळीच्या तिमाही सभेला आमच्या भागातल्या चर्चेसवर देखरेख करणारे सुपरिंटेंडंट साहेब आले. माणूस मायाळू. म्हणाले, ‘‘यंदा आपल्याच चर्चमध्ये घ्या. प्रत्येकाला वेगळा छोटा पेला आहे. शिस्तीचं आहे आणि स्वच्छही.’’

माझी चुलती मागून उठली. ‘‘साहेब, येशीजवळच्या हाटेलात आमची कपबशी वेगळी हाय. भाईर खिळ्याला टांगलेली. आमीच धुवायची, आमीच टांगायची. आता हितंबी वेगळंच व्हय?’’

‘‘मावशी, ते निराळं. हे स्वच्छतेसाठी.’’

‘‘हाटेलवालाबी त्येच म्हनतो.’’

सगळे हसले. साहेबही हसले, पण बोलणं मागे घेतलं नाही. मी मंडळीचा चिटणीस. उत्तर मला द्यायचं होतं. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, खाली मान घालून बसले होते. पाळकाची नेमणूक-बदली वार्षिक परिषदेत बिशप जाहीर करतात, आणि आमच्या पाळकांच्या मुलीची मॅट्रिक जवळ आली होती. हे मला माहीत होतं. तरी मी उठलो.

‘‘आम्ही तिकडंच जाणार, साहेब. सभेच्या कामकाजात तसं लिहून घ्या.’’

उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या चर्चकडे जाताना पाळक सगळ्यांच्या पुढे चालले. आमच्यात द्राक्षाचा रस, त्यांच्यात खरा, आंबवलेला द्राक्षारस. चुलतीनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ‘‘काढ्यावानी हाय की!’’ पण प्याला पुढं देताना तो तिनं दोन्ही हातांनी दिला.

परिषदेत पाळकांची बदली झाली, लांब, दुसऱ्या टोकाला. शिक्षा आहे असं कुणी म्हणालं नाही. कदाचित नसेलही. त्यांच्या ट्रंका मीच टेम्पोत चढवल्या. मुलगी पुस्तकांचं गाठोडं मांडीवर घेऊन पुढं बसली होती. पाळकीणबाई मला ‘येतो, भाऊ’ म्हणाल्या आणि मी दोरी आवळत राहिलो, वर पाहिलं नाही. हॉटेलात शब्द न काढणारा मी, दुसऱ्याच्या संसारावर धीट झालो होतो. हे ओझं प्रार्थनेनंही उतरत नाही.

म्हणून मी त्या हॉटेलात गेलो. खिळ्यावरची कपबशी घेतली नाही. आतल्या बाकावर बसलो आणि चहा मागितला. मालकानं बराच वेळ चहा दिला नाही. मीही उठलो नाही.

पुढच्या वर्षी त्या संध्याकाळी नव्या पाळकांनी विचारलं, ‘‘कुठं जायचं?’’

चुलती डोक्यावर पदर घेऊन आधीच तिकडं निघाली होती.