यादीत न लिहिलेला काढा

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, आजोबांची इम्युनिटी वाढायला तू काहीच देत नाहीस का?" तिला शाळेत तोच धडा चालू आहे. मी काहीतरी बोलून फोन ठेवला. आजोबा वय झालं म्हणून खंगलेत, असं तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं आहे. पण वय हे कारण नाही. डिसेंबरात तुम्ही याल तोवर ते असतील असं डॉक्टरांना वाटत नाही, मलाही वाटत नाही. म्हणून आत्ताच लिहिते. मी दिलं होतं.

आधी धडा. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजीतून जीवशास्त्र शिकवलं. हा धडा आला की शेतावरच्या कुत्र्याचं उदाहरण द्यायची. कुत्रं घरच्या माणसाला वासावरून ओळखतं आणि परक्यावर धावून जातं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेच करतात. शरीराच्या प्रत्येक पेशीवर घरची खूण असते. ती असली की सोडायचं, नसली की तुटून पडायचं. एकदा पाहिलेला चोर त्यांतल्या काही पेशी वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात; लस म्हणजे चोर यायच्या आधीच त्याचा सदरा हुंगायला देणं. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी आहे. घरच्यांवरच गुरगुरणाऱ्या पेशी तिथे लहानपणीच निकालात काढल्या जातात. तरी काही निसटतात.

आजोबांच्या शरीरातल्या निसटल्या. साठी उलटल्यावर त्या त्यांच्याच सांध्यांना चावायला लागल्या. बोटं सुजली, सकाळी चहाचा कप धरवेना. सांध्यांचे डॉक्टर अकोल्याला, तिथे दर महिन्याला जायचो. आठवड्याला एक गोळी असायची, ती ह्या पेशींना शांत ठेवण्यासाठी. म्हणजे एकच गोष्ट करायची नव्हती, त्यांना चेतवायचं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. मी ते शिकवलं होतं.

गेल्या वर्षी अमरावतीत तापाची साथ आली. गल्लीत घरटी कुणीतरी सलाईनवर होतं आणि झाडून सगळे गुळवेलीचा काढा पीत होते. आम्ही अकोल्याला तपासणीला गेलो तेव्हा माझी नणंद, आजोबांची धाकटी बहीण, अकोटहून एसटीने आम्हाला भेटायला स्टँडवर आली. ओल्या पोत्यात गुंडाळून वेलीची मोळी आणली होती, शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबावरून स्वतः कापलेली. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारते.

"डाक्टरले काय इचारता, वयनी? आपल्या धुऱ्यावरची वेल हाय. भाऊ तिच्यावरच मोठा झाला." मग भावाकडे वळून, "तुले वयनीनं नाई पाजली तं मी घरी येऊन पाजीन."

ते हसले. मी मोळी घेतली. नणंदेचं मन मोडवेना हे खरं, पण तेवढंच नाही. गोळीने यांची शक्ती आधीच कमी केलेली, त्यात ताप आला तर माणूस हातचा जाईल, ही भीती मला होती. त्या भीतीने माझं शिक्षण गप्प केलं. परतीच्या गाडीत डॉक्टरांची फाईल एका पिशवीत होती आणि वेल दुसरीत.

एकदा हाती घेतलं की मी ते नीटच करते. बोटभर कांडी ठेचून भिजत घालायची, सकाळी उकळून निम्मं करायचं, सहाला पेला हातात. पाच मिनिटं उशीर झाला की आजोबा म्हणायचे, मास्तरीणबाई, आज घंटा उशिरा वाजली. चार महिने एकही दिवस चुकला नाही.

त्या चार महिन्यांत दर वेळी मी डॉक्टरांपुढे औषधांची यादी ठेवली. इंग्रजीत, सुवाच्य, नाव, मात्रा आणि वेळेसकट. असे पेशंट असावेत, असं ते एकदा नर्सला म्हणाले. काढा त्या यादीत नव्हता. मी लपवला नाही. तो तिथे लिहायचा असतो हे मला सुचलंच नाही. तो चहाच्या पातेल्याशेजारी उकळायचा. यादी होती ती दुकानातून आणलेल्या औषधांची.

मग अंगाला खाज सुरू झाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी यादी वाचून बाजूला ठेवली आणि विचारलं, "काकू, घरचं काही देता का?"

मी सांगितलं. त्यांनी काढा यादीच्या तळाशी स्वतःच्या हाताने लिहिला. मग म्हणाले, त्या गोळीनेही लिव्हर बिघडतं, गुळवेलीने चेतवलेल्या पेशीही लिव्हरवर उठतात. कशाने किती, हे आता वेगळं करता यायचं नाही. दोन्ही बंद केलं, स्टेरॉइड सुरू केलं. उशीर झाला होता. या वयात लिव्हर बदलता येत नाही.

आजोबांना सांगायला मला आठवडा लागला. धड्यासारखी मनात तयारी केली, तरी वाक्यं मागेपुढे झाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कडू तं लयच होतं बाप्पा," ते म्हणाले. "पण तू रोज टायमावर देऊन राहिली होती, म्हनून पेत गेलो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

नणंदेला मी सांगितलेलं नाही. तिचा फोन येतो, वेल संपली असंल तं पाठवू का म्हणून. आहे अजून, असं म्हणते. तुम्हीही तिच्याजवळ बोलू नका. आणि धाकटे, तुझ्या वहीत लिही की ही शक्ती नुसती वाढून भागत नाही, तिला आपलं आणि परकं कळावं लागतं.

लिव्हर आता सुधारणार नाही. पोटात पाणी साठतं, ते दवाखान्यात जाऊन काढून घ्यावं लागतं. जेवणाची चव गेली आहे, दुपारभर ते झोपून असतात, कधी वार विसरतात. स्टेरॉइडने बोटांची सूज तेवढी उतरली. शर्टाची बटणं ते स्वतः लावतात.