लीलाधरांचे ‘सुमारे’

हे अनंता, हे नारायणा! तुझे माप घ्यायला निघालेल्यांनी आभाळ पालथे घातले, शब्द झिजवले, आणि शेवटी हात जोडून एवढेच म्हटले की तू बहुधा असा असशील. त्या ‘बहुधा’चा तुला राग आला नाही. उलट ज्याने तुझ्यापुढे खात्रीच्या गमजा मारल्या, त्याच्याकडे पाहून तू हसलास. दयाघना, आज तुझ्या पायाशी बसून अदमासाने बोलणाऱ्या एका माणसाचे चरित्र सांगायचे आहे. त्याच्यावर, आणि त्याच्या संशयी पण मायाळू गृहिणीवर, तुझी कृपादृष्टी असू दे. तापीमाई, सूर्याच्या लेकी, वाणीला तुझी ओल दे.

तर सज्जनहो, बऱ्हाणपुरात, स्टेशनाकडच्या लालबागेत, लीलाधर नावाचे गृहस्थ राहत. इंग्रजी अमदानी होती. जपानचे व्यापारी तेव्हा आपला कापूस न्यायला या मुलखात उतरत. लीलाधर ऐन तारुण्यात एका कापडव्यापाऱ्याच्या पेढीवर चाकरीला म्हणून जपानातल्या कोबे बंदरी गेले. तिथे काही वर्षे काढली. वडील वारल्यावर परतले, ते ट्रंकेत दोन सदरे आणि जिभेवर ती परकी भाषा घेऊन. लालबागेच्या जीनवर, म्हणजे सरकीपासून रुई सोडवण्याच्या कारखान्यावर, जपानी साहेब आला की दुभाषी म्हणून यांनाच बोलावणे येई.

माणूस सालस. विडी नाही, तपकीर नाही, वाकडी नजर नाही. पण एक खोड हाडीमासी मुरलेली: कोणतीही गोष्ट ठाम म्हणून सांगायची नाही.

“जेवायला कधी याल?” बायको निर्मला विचारी.

“साधारण दिवेलागणीच्या आसपास.”

“भाजी कशी झालीय?”

“बहुतांशी चांगली.”

आता सांगा, बहुतांशी चांगली म्हणजे उरलेल्या अंशात काय बिघडले? निर्मला शाहपूरची, केळी-कापसाच्या घरची. तिच्या माहेरी माणसे ‘हो’ म्हणत किंवा ‘नाही’ म्हणत. तिसरा शब्द ऐकला की काठी शोधत. अशा घरची लेक ‘जवळपास’ आणि ‘अदमासे’ यांच्या धुक्यात नांदायला आली. धुक्यात माणूस काय शोधतो? चोर शोधतो. तीही शोधू लागली.

त्यात आणखी एक. इतरांचे नवरे अंगावर पाणी घेताना नद्यांची नावे घेत. लीलाधर भाषा विसरू नये म्हणून भलतेच पुटपुटत, “याकु... ओयोसो... दाइताइ... होबो... झात्तो...” शेजारच्या सरुबाईने भिंतीपलीकडून ऐकले आणि निर्मलेच्या कानाशी लागली.

“नावं आहेत ही, पोरी. बायांची. तिकडं कोबेत दुसरं बिऱ्हाड असणार, लिहून घे माझ्याकडून.”

निर्मला दुपारभर धुमसली. लीलाधर घरात आले तेव्हा ती सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. मान वर न करता तिने विचारले, “ही होबो कोण?”

लीलाधरांना हसू आवरेना. “अगं, बाई नाही ती! अंदाजाचे शब्द आहेत ते. हे बघ, तुझं सूप भरत आलं, काठाला बोटभर जागा राहिली, की होबो. भरल्यातच जमा. अन् दारातूनच पोत्याकडं डोकावून म्हटलं, असेल बुवा इतकी ज्वारी, की झात्तो. नुसती नजर फिरवलेली. कागदावर, सहीच्या वर लिहायचं तर याकु. ओयोसो म्हणजे सुमारे, दाइताइ म्हणजे एकंदरीत, बहुतांशी.”

“म्हणजे माझी भाजी दाइताइ चांगली?”

“दाइताइ.”

तिने सूप आपटले. सवतीची भीती ओसरली, पण संशयाने नुसते पागोटे बदलले. एका अंदाजाला इतकी नावे कशाला हवीत? ज्याला पळायचे नाही, त्याच्या घराला इतकी दारे कशाला?

असे दिवस चालले असता, कापसाची वेचणी भरात आली आणि मोरीता नावाचे जपानी साहेब लालबागेत उतरले. शाहपूरच्या शेतकऱ्यांनी त्यांच्याशी बोलायला आपला माणूस धाडला. तो माणूस म्हणजे निर्मलेचा थोरला भाऊ पंडित. जीनवरचे बोलणे आटोपून तो तडक बहिणीच्या ओसरीवर आला. लीलाधर अजून तिकडेच होते.

“निर्मले, तुझा नवरा काही तरी दडवतो.”

“काय झालं, दादा?”

“सायेब धडाधडा बोलला, हात हलवले, मान हलवली. अन् दाजी म्हणतात काय, सुमारे पन्नास गाड्या उचलतील. मी म्हटलं, पक्क्या पन्नास का? तर म्हणतात, पक्क्या नाही, तीसच्या आसपास धरून चाला, पन्नास हा नजरअंदाज. हे ‘आसपास’ काय अन् तो ‘नजरअंदाज’ काय! सरासर गोलमाल शे ही. सारं गाव माझ्या जिभेवर बसलंय. मी पन्नास म्हटलं की लोक दारात आलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला वाटेला लावतील. मग सायेबानं पाठ फिरवली तर कापूस घराघरात पडून, अन् माझ्या तोंडात शेण.”

निर्मलेच्या तोंडून निघून गेले, “त्या दुसऱ्या व्यापाऱ्याशी ह्यांचं साटंलोटं तर नसेल?”

बोलली आणि स्वतःच दचकली. पण सुटलेला शब्द ओसरीभर पसरला. पंडितने डोळे बारीक केले. “तूच म्हणतेस, मंग माझं काय चुकलं?”

मग भावाबहिणीने एक बेत रचला. आपल्या कापूसबाजारात सौदा तोंडाने होत नसे. विकणारा आपल्या हातावर रुमाल टाकी, घेणाऱ्याचा हात त्याखाली ओढी आणि बोटे धरून आकडा सांगे. भाव असो, गाड्या असोत, जे ठरायचे ते त्या रुमालाच्या अंधारात ठरे. समोरच्याने उलटून तशीच बोटे दाबली की कबूल. मग कुणी जीभ उचलायची नाही. रुमालाखालच्या सौद्यावर जो बोलला, तो बाजारातून उठला. पंडित म्हणाला, “सायेबाला जेवायला बोलव. दाजींना घडीभर बाहेर काढ. दुभाषा मध्ये नको. हाताला हात लागला की दूध अन् पाणी वेगळं.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पंगत बसली. निर्मलेने मांडे केले. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, ताणत ती पालथ्या खापरावर टाकी, तेव्हा मोरीता साहेब जेवण थांबवून पाहत राहत. ते काही बोलले की लीलाधर सांगत, “साहेब म्हणतात, हे जवळजवळ देवाचं काम आहे.”

“जवळजवळच म्हणाले ना?” पंडितने घास तोंडात ठेवूनच टोमणा मारला. “का पूर्ण म्हणाले अन् तुम्ही वाटेत खाल्लं?”

हात धुऊन मंडळी ओसरीवर बसली. निर्मला दाराआडून म्हणाली, “अहो, विड्याची पानं कमी पडलीत. आणता का?”

लीलाधरांनी तिच्याकडे पाहिले, चपला घातल्या आणि निघाले.

ते वळणाआड गेले मात्र, पंडितने खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला आणि साहेबांचा हात त्याखाली घेतला. पाचही बोटे मुठीत धरली. पंजा म्हणजे पन्नास. साहेबांच्या चेहऱ्यावर नवल उमटले, मग हसू. त्यांनी मान लववली आणि पंडितची पाचही बोटे प्रेमभराने दाबली.

“कबूल!” पंडितचा चेहरा उजळला. “पक्क्या पन्नास. पाहिलंस निर्मले?”

तेवढ्यात लीलाधर पानांची पुडी घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. त्यांनी रुमाल पाहिला, त्याखालचे हात पाहिले, मेव्हण्याचे हसू पाहिले. काय झाले ते उमगायला त्यांना क्षणही लागला नाही. गप्प राहिले असते तर मेव्हणा खूश, सासुरवाडी खूश, बाजारातली बैठक शाबूत.

“पंडितभाऊ, हात सोडा. साहेबांना ही रीत ठाऊक नाही. त्यांनी शब्द दिलेला नाही.”

पंडित ताडकन उठला. “आलात? दोघांच्या हाताचं ठरलं, तर तुमच्या पोटात दुखलं! दाजी, रुमालावर बोललेला माणूस जीनच्या फाटकात उभा राहत नाही, ठाऊक शे ना? उद्याच सांगतो साऱ्यांना. अन् हिलाही माहेरी नेतो. अर्धवट शब्दांच्या घरात माझी बहीण नको!”

“सांगा सगळ्यांना,” लीलाधर म्हणाले. त्यांनी पानांची पुडी खाली ठेवली. “माझी बैठक जाऊ द्या. पण पन्नासवर गाव बांधू नका.”

सज्जनहो, निर्मला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एका अंगाला रक्ताचा भाऊ, दुसऱ्या अंगाला अग्नीच्या साक्षीचा नवरा, आणि तिच्याच जिभेने पेरलेला संशय मधोमध उगवलेला. नवऱ्यावर विश्वास टाकावा, तर मन टाकू देईना. पण तिच्या डोळ्यांनी एक गोष्ट टिपली होती. साहेब आकड्याशी क्षणभरही अडले नव्हते; नुसते हसून, मान लववून त्यांनी हात दाबला होता, अनोळखी देवळात पुजाऱ्याने हात पुढे केला की आपण न विचारता ओंजळ धरतो तसा.

पदर सावरून ती ओसरीवर आली. आधी नवऱ्याकडे वळली. “तुम्ही साहेबांशी एक अक्षर बोलायचं नाही. भिंतीकडं तोंड करून उभे राहा.”

लीलाधर मुकाट्याने भिंतीकडे वळले.

“आता दादा, पुन्हा रुमाल टाका. या खेपेला पंजा दोनदा धरा. शंभर मागा.”

“शंभर? अगं, साऱ्या शाहपुरात शंभर गाड्या कापूस नाही.”

“म्हणूनच मागा.”

पंडितने कुरकुरत रुमाल टाकला. पंजा एकदा धरला, दुसऱ्यांदा धरला. मोरीता साहेबांनी तेच गोड हसू हसून, मान लववून, पंजा दोनदा दाबला. वर उत्साहाने तिसऱ्यांदाही दाबला.

पंडितने हात काढून असा पाहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

“दीडशे दिल्या हो सायेबानं,” तो पुटपुटला.

“आता विचारा,” निर्मला नवऱ्याला म्हणाली.

लीलाधरांनी विचारले. उत्तर देता देता साहेबांचे कान लाल झाले. ही इथली निरोप घेण्याची रीत असावी, असे त्यांना वाटले होते. मग गाड्यांचे सांगताना त्यांनी दोन तळवे समोरासमोर आणले, इतके जवळ की मध्ये फक्त वारा राहावा, आणि म्हणाले, “होबो.” मग एक हात हवेत उगाच दूरवर फिरवला, “झात्तो.”

“तीस गाड्या होबो,” लीलाधर म्हणाले. “काठोकाठ नाही, पण भरल्यातच जमा. पन्नास झात्तो. बोटीत जागा मिळाली तर. पंडितभाऊ, तीसवर भिंत बांधा, वरच्या वीसवर नुसता मांडव घाला. मांडव उडाला तरी घर राहतं.”

पंडित बराच वेळ साहेबांच्या तळव्यांकडे पाहत राहिला. त्या तळव्यांमधले अंतर त्याला दिसत होते. शब्दांतले कधी दिसले नव्हते. “मंग काल असं हातानं का नाही दाखवलं?” तो गुरगुरला, आणि रुमाल खांद्यावर टाकून खाली बसला.

पाहुणे गेल्यावर निर्मला म्हणाली, “पानं घरात होती. मीच मुद्दाम धाडलं तुम्हाला.”

“ठाऊक होतं. टोपलीत दिसत होती.”

“मग गेलात का?”

“तू सांगितलंस म्हणून.”

या उत्तरात कुठे ‘सुमारे’ नव्हते. निर्मला आत गेली आणि चुलीतल्या धुराला बोल लावत डोळे पुसत बसली.

मोरीता साहेबांनी तिसाच्या किंचित अलीकडे गाड्या उचलल्या. बोटीत जागा मिळाली नाही. वरचा कापूस पंडितने दुसऱ्या व्यापाऱ्यासाठी राखून ठेवला होता, म्हणून गाव तरले. त्याने आभार मानले नाहीत. मात्र लीलाधर शाहपूरला गेले की तो भर पंगतीत विचारी, “काय दाजी, आज अदमासे जेवणार का पोटभर?”

पुढे युद्ध पेटले. जपान इंग्रज सरकारचा शत्रू झाला, आणि जपानी बोलणारा माणूस लालबागेत राहतो म्हणून एक फौजदार ओसरीवर येऊन बसला. हा हेर तर नाही? गल्लीची दारे मिटली. सरुबाईनेही तुळशीला पाणी घालायला बाहेर यायचे टाळले. त्या दिवशी पंडित घरात होता. तो फौजदारापुढे येऊन उभा राहिला.

“हा अन् हेर? सायेब, ह्याला विचारा, आज वार कोणता.”

फौजदाराने विचारले. लीलाधर विचारात पडले. “बहुधा बुधवार.”

“बघा! ह्याच्या बातमीवर कोणती फौज चालायची? पण एक सांगतो. हा माणूस जितकं ठाऊक असेल तितकंच बोलतो. त्याहून तीळभर जास्त नाही. हे मी हाताला चटका बसून शिकलोय.”

फौजदार हसला, चहा प्यायला आणि गेला.

हे करुणाकरा, त्या लीलाधरांचे कल्याण कर. त्यांच्या वाणीला कधी खोट न लागो. त्या निर्मलेच्या चुलीवर मांडे फुगत राहोत, तिच्या कपाळीचे कुंकू अखंड राहो, तिच्या माहेरी-सासरी शिवार पांढरेशुभ्र फुटो. त्या घरात जो पाहुणा येईल तो तृप्त होऊन जावो, जे लेकरू जन्मेल ते दीर्घायुषी होवो, आणि त्या उंबऱ्यावर तापीमाईची माया दोन्ही तीर भरून वाहत राहो.