घालवून बसले

सोलापूरच्या कोर्टात सर्वांत जास्त गुन्हे ज्यांनी कबूल केले, त्यांच्यावर आयुष्यात एकही खटला झाला नाही. ते आमचे दुभाषी. तेलुगू, कानडी किंवा दखनी बोलणारा आरोपी पिंजऱ्यात आला की हे त्याच्या शेजारी उभे राहत आणि त्याचं बोलणं मराठीत सांगत. सांगताना ‘तो म्हणतो की’ अशी पळवाट त्यांनी कधी ठेवली नाही. आरोपी ‘मी मारलं’ म्हणाला की तेही म्हणत, ‘मी मारलं.’ एकदा अक्कलकोटकडच्या एका म्हाताऱ्याच्या वतीनं त्यांनी ‘होय, बैल मीच सोडून नेला’ असं इतक्या सरळपणे म्हटलं, की नव्यानं रुजू झालेल्या बेलिफानं त्यांच्याच दंडाला धरलं. दुभाषी त्याला म्हणाले, “थांब, शिक्षा अजून व्हायची आहे.”

उंच, वाळकुडे, पांढऱ्याशुभ्र मिशा, डोक्याला पागोटं आणि बाराही महिने तोच काळा कोट. जन्म साखर पेठेतल्या विणकराच्या घरातला. मास्तरकी करता करता कोर्टात आले आणि तिथंच मुरले. त्यांच्या ओठांना एका बाजूला जरा मुरड असे, आणि ती आमच्यासाठी असे. आमच्यासाठी म्हणजे वकील, कारकून, फौजदार, साहेब, सगळ्यांसाठी. अशिलाकडं, मग तो दरोडेखोर का असेना, ते कधी त्या तोंडानं पाहत नसत. ‘सदरहू इसम’, ‘मजकूर बाई’ असले शब्द कानावर आले की म्हणत, “माणसाला नाव असतं, हे कारकुनाला पेन्शन झाल्यावर कळतं.”

पुण्याकडून एक जज्जसाहेब बदलून आले होते. त्यांच्यापुढं सांगोल्याकडचा एक धनगर साक्षीला आला. “म्या तितंच हुतो की, पर अंधार लई. काय दिसतंय हो?” एवढंच तो बोलला. साहेबांनी कपाळाला आठी घालून विचारलं, “ही कोणती भाषा?” दुभाषी उठले आणि अदबीनं म्हणाले, “मराठीच आहे, साहेब. हुकूम असेल तर मराठीत सांगतो.” त्या दिवसापासून साहेबांच्या मनात ते बसले, चांगल्या अर्थानं नव्हे.

याच साहेबांपुढं राजम्माचा खटला आला, आणि मी तिचा वकील होतो. वकिलीची सनद नवी, सात रस्त्याला भाड्याची खोली, आणि आपल्याला कायदा कळतो असा समज. राजम्मा एका गिरणीत रिळाच्या खात्यात कामाला होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, एवढ्यावरच आमच्या शहरानं खटला निम्मा सिद्ध धरला होता. सातव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं. घरी एकटी होती. मेलेलं मूल तिनं घरामागच्या परड्यात पुरलं. चौथ्या दिवशी शेजारच्या एका सद्गृहस्थांनी वर्दी दिली. नवरा गेल्यापासून या बाईला काय हवं नको विचारायला त्यांना सवड झाली नव्हती. चौकीवर मात्र ते भरल्या ताटावरून उठून गेले म्हणतात. पोलिसांनी परडं उकरलं, घरातलं एक काळं पडलेलं गाडगं मुद्देमाल म्हणून लाखेनं बंद केलं आणि तिला धरून नेलं. आरोप दोन: औषध घेऊन मूल पाडलं, आणि जन्म लपवण्यासाठी ते गुपचूप पुरलं.

मुलाचा बाप कोण, हे फौजदारानं विचारलं नाही, सरकारी वकिलांनी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात पान लावता लावता दुभाषी म्हणाले, “बरं आहे, वकीलसाहेब. एवढ्या मोठ्या शहरात गरोदर राहायला एकटी बाई पुरते.”

तिच्या खात्यातल्या बायकांनी मला धरून आणलं होतं. कागद वाचून मी हबकलो. मॅजिस्ट्रेटपुढं नोंदवलेल्या तिच्या जबानीत स्वच्छ लिहिलं होतं: ‘मी मूल घालवून टाकले.’ यापुढं काय लढायचं? मी हिशेबी डोकं चालवलं. पुरल्याचा गुन्हा कबूल करायचा, साहेबांची दया मागायची, चार-दोन महिन्यांत मोकळं व्हायचं. मला तेलुगू येत नव्हतं, म्हणून मी दुभाष्यांना म्हटलं, “तिला एवढं समजावून सांगा.”

“मी नाही सांगणार.”

“का?”

“कोर्टात मी दुभाषी आहे; कोणी काहीही बोललं तरी सांगतो. इथं व्हरांड्यात मी नुसता माणूस आहे. माणूस असं सांगत नसतो.”

मग मीच तिला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगू लागलो. गिरणीत राहून तिला बाजारापुरतं मराठी येत होतं. ती तिशीची असेल. हातांची बोटं सुतानं कापून कापून खरखरीत झालेली. माझं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “मी लपिवलं न्हाय, वकीलसाब. पुरलं. मेलेल्याला पुरत्यातच की.”

एवढा सरळ बचाव मला कोणत्याही पुस्तकात सापडला नव्हता. दुभाषी पान चघळत दुसरीकडं पाहत होते. उठता उठता, जणू भिंतीशी बोलावं तसं म्हणाले, “जबानी झाली तेव्हा मी रजेवर होतो. तेलुगू येतं म्हणणाऱ्या एका शिपायानं तर्जुमा केला. तर्जुमा वाचून मूळ कळलं असं समजणारा माणूस वकीलच असायचा.”

खटल्याच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. ज्यांचं कोर्टात काही काम नव्हतं असे शहरातले बरेच प्रतिष्ठित लोक मागच्या बाकांवर वेळेआधी येऊन बसले होते. पहिल्यांदा डॉक्टरांची साक्ष झाली. मूल जिवंत जन्मलं की मेलेलं, हे त्यांना सांगता येत नव्हतं. तरी ‘बाईने काही औषध घेतले असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ एवढं त्यांनी ठासून सांगितलं. हे आरोपीला तेलुगूत सांगायचं होतं. दुभाषी म्हणाले, “साहेब, ‘शक्यता नाकारता येत नाही’ असलं वाक्य आमच्या घरांत कोणी बोलत नाही. ‘डॉक्टरांना माहीत नाही’ असं सांगितलं तर चालेल?” साहेबांनी चष्म्यावरून रोखून पाहिलं. डॉक्टर खाली पाहू लागले. नकार कोणीच दिला नाही, म्हणून दुभाष्यांनी तसंच सांगितलं.

मग ते गाडगं आलं. लाख फोडल्यावर कोर्टभर ओव्याचा आणि सुंठीचा वास सुटला. बाळंतिणीच्या घरी गेलेल्या प्रत्येक माणसाला तो ओळखता आला असता, आणि त्या खोलीत बायको नसलेला माणूस क्वचितच असेल. तरी सरकारी वकील दहा मिनिटं त्या ‘संशयास्पद काढ्या’वर बोलले.

मग राजम्मानं आपली हकीकत सांगायला सुरुवात केली, ती तेलुगूत. खालच्या आवाजात, एकेक वाक्य तोडत. आणि तिच्या शेजारी उभे राहून पांढऱ्या मिशांचे दुभाषी खणखणीत मराठीत म्हणाले:

“मी सात महिन्यांची गरोदर होते.”

मागचे बाक हसले. एकानं तोंडाला उपरणं लावलं. साहेबांच्या ओठांवरही हसू आलेलं मी पाहिलं. दुभाषी थांबले. सावकाश वळून त्यांनी बाकांवरचा एकेक चेहरा पाहून घेतला आणि मग साहेबांकडं तोंड करून विचारलं, “कोर्टात जे काही होईल ते आरोपीला तिच्या भाषेत सांगायचं, असा मला हुकूम आहे. आत्ताच्या या हसण्याचा काय अर्थ सांगू?”

साहेबांनी समोरचा कागद उलटला.

“पुढं चला,” साहेब म्हणाले.

“हुकूम,” म्हणून दुभाषी पुढं सांगू लागले. “सकाळपासून कंबर धरली होती. जॉबरला, खात्याच्या मुकादमाला, सांगितलं. तो म्हणाला, भोंगा होईपर्यंत हलायचं नाही. मी उभी राहिले. घरी आले तेव्हा लुगडं भिजलं होतं. मूल झालं. रडलं नाही. मी पाय धरून त्याला उलटं केलं, पाठीवर थापटलं, तोंडात बोट घालून साफ केलं. रडलं नाही. मग पाणी तापवून त्याला आंघोळ घातली. नवऱ्याच्या हातचं विणलेलं एक कापड ठेवलं होतं, त्यात गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी पुरलं.”

आता कोणी हसत नव्हतं. दुभाष्यांचा आवाज मात्र तसाच सरळ होता. नंतर मला कळलं, की कोटाच्या खिशातली त्यांची चुन्याची डबी त्यांनी मुठीत इतकी आवळली होती, की तिचं झाकण चेपलं.

माझी पाळी आली. मी त्या शिपायाला पिंजऱ्यात बोलावून विचारलं, “जबानीत बाईनं तेलुगूत नेमका कोणता शब्द वापरला?”

त्याला अशा प्रश्नाची सवय नव्हती. बराच वेळ आठवून तो म्हणाला, “पोगोट्टुकुन्नानु.”

“अर्थ?” साहेबांनी दुभाष्यांना विचारलं.

“‘घालवून टाकले’ नव्हे, साहेब. ‘घालवून बसले.’ छत्री टांग्यात राहिली, की तेलुगू माणूस हाच शब्द वापरतो.”

सरकारी वकील उठले. “एका क्रियापदावर एवढा कीस कशाला? मूल गेलं ते गेलंच.”

“गेलं असंच ती म्हणते आहे,” दुभाषी म्हणाले. “घालवलं असं आपण म्हणतो. ही जबानी झाली त्या आठवड्यात माझी बायको वारली, साहेब. म्हणून मी रजेवर होतो. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगत होतो, पोगोट्टुकुन्नानु. मला कोणी अटक केली नाही.”

साहेबांनी टेबलावर हात आपटला. दुभाष्यानं अर्थ सांगावा, साक्ष देऊ नये, अशी ताकीद त्यांनी तिथंच दिली. पण ‘टाकले’ची शाई त्या क्षणी फिकी पडली होती, हे आम्हा सगळ्यांना दिसलं.

निकाल आठ दिवसांनी लागला. मूल पाडल्याच्या आरोपातून राजम्मा सुटली. मूल पुरल्याबद्दल तीन महिन्यांची कैद झाली. साहेबांनी निकालपत्रात लिहिलं, की बाईने समाजाला कळवून अंत्यविधी केला असता, तर संशयाला जागा उरली नसती. हे वाक्य दुभाष्यांनी तिला सांगितलं. तिनं विचारलं, “कोणाला कळवायचं?” त्यांनी तेही जसंच्या तसं मराठीत सांगितलं. उत्तर देणं साहेबांना आवश्यक वाटलं नाही. इकडं वकिलांच्या खोलीत मला चहा पाजण्यात आला. मी खुशीत होतो, हे आज लिहायलाही लाज वाटते.

दुभाष्यांच्या नावानं महिन्याभरात वरून कागद आला. मर्यादा सोडून बोलल्याबद्दल त्यांना रेकॉर्डच्या खोलीत धूळ खात पडलेल्या जुन्या कागदांच्या बस्त्यांची यादी करायला बसवलं. तेलुगू येणारा तो शिपाई त्यांच्या जागी तात्पुरता उभा राहू लागला. दुभाषी म्हणाले, “आता सोलापुरात गुन्हे वाढतील. निदान कबूल तरी जास्त होतील.”

राजम्मा सुटली त्या सकाळी तुरुंगाच्या दारात आम्ही दोघंच होतो. गिरणीनं तिला परत घेतलं नव्हतं. तिनं ना कामाचं विचारलं, ना घराचं. तिनं एवढंच विचारलं, “उकरून नेलं, ते नंतर कुठं ठेवलं?”

आम्हाला माहीत नव्हतं. दुभाष्यांनी अर्ज लिहिला. एका कचेरीनं तो दुसरीकडं धाडला, दुसरीनं तिसरीकडं. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘सदरहू मुद्देमाल नियमानुसार नष्ट करण्यात आला आहे.’

ते वाचून दाखवायला दुभाषी निघाले तेव्हा वाटेत मी म्हटलं, “अण्णा, हे असं सांगू नका. कुठंतरी झाडाखाली पुरलं म्हणून सांगा. तिला कुठं वाचता येतंय?”

ते रस्त्यात थांबले. ओठाची ती मुरड मी इतकी तिखट कधीच पाहिली नव्हती. “तिच्या तोंडात खोटं घालणारे झाले. आता कानात घालणारे आपण?”

त्यांनी तिला अक्षरन् अक्षर सांगितलं. राजम्मा उंबऱ्यावर बसून राहिली. मग म्हणाली, “बरं झालं सांगितलंत, अण्णा. न्हायतर मी जन्मभर हुडकत बसले असते.” त्यानंतर ती दुभाष्यांच्या घरच्या मागावर काम करू लागली. पेठेतल्या चार वडीलधाऱ्यांनी येऊन आक्षेप घेतला. दुभाष्यांनी त्यांना पाणी दिलं, सुपारी दिली आणि ज्या चार भाषा येत होत्या त्या चारही भाषांत नाही म्हणाले.

पेन्शनीत गेल्यावर ते लवकरच थकले. शेवटचा भेटलो तेव्हा बाजेवर पडून होते. आतून मागाचा खटखटाट येत होता. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हणालो, “काही झालं तरी अण्णा, तो खटला आपण निम्मा तरी जिंकलो.”

त्यांनी डोळे उघडले.

“निम्मा? मग तुरुंगात काय ती निम्मीच गेली होती?”

पुढच्या महिन्यात ते गेले. मी पुढं पुष्कळ खटले चालवले आणि त्यांतले जिंकलेले लोकांना सांगितले. हा त्यांत कधी सांगितला नाही.